श्वासाची वाट

'फादर, मला सायनस आहे,' असे सांगणारा एखादा तरी भाविक भेटला नाही असा रविवार आमच्या आयुष्यात क्वचितच उगवतो. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या दारात उभे राहतो. लोक भेटतात, मुलांच्या परीक्षांविषयी बोलतात, आणि मग कपाळावर दोन बोटे टेकवून हे वाक्य उच्चारतात. आम्ही हसून म्हणतो, 'सायनस तर सर्वांनाच असतात!' कारण हे बोलणे म्हणजे 'मला पोट आहे' असे सांगून पोटदुखी सूचित करण्यासारखेच होय. सायनस हे रोगाचे नाव नव्हे, तर आपल्या चेहऱ्याच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्यांचे नाव आहे. कपाळात, गालांच्या हाडांत, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकाच्या पार मागे अशा त्यांच्या चार जोड्या असतात. गालातील पोकळीचे सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने १६५१ साली आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात केले. त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे लिओनार्दो दा व्हिंची याने ती आपल्या चित्रांत रेखाटून ठेवली होती. आपल्याकडील जुन्या वैद्यांनी नाकाच्या या जुनाट दुखण्यास 'पीनस' असे नाव दिले होते. आज तो शब्द मागे पडला असला, तरी दुखणे मात्र घरोघरी आहे.

आम्हांस या दुखण्याची ओळख गोरेगावच्या सेमिनरीत झाली. पावसाळ्यात आरेच्या बाजूने येणारी ओल, दमट गाद्या आणि पहाटेची प्रार्थना, या सर्वांचा मेळ आमच्या नाकास मानवेना. डोके जड होई, गालांची हाडे ठणकत, घशात मागच्या मागे शेंबूड उतरे. प्रार्थनालयात स्तोत्रे गाताना आमचा आवाज भांड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येई. पुढे धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि बदल्या होत गेल्या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या परिसरांत आम्ही वेळोवेळी सेवा केली. धर्मग्राम बदलले, माणसे बदलली, परंतु आमचे नाक इमानाने आमच्याबरोबर राहिले. गेली तीस-पस्तीस वर्षे आम्ही त्याच्याशी संसार करीत आहोत. त्या अनुभवातून आणि वेळोवेळी डॉक्टर मंडळींनी समजावून सांगितलेल्या गोष्टींतून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखामागील हेतू आहे. आम्ही वैद्य नाही. त्यामुळे येथे लिहिलेले डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी नव्हे, तर त्याच्या सोबतीने वाचावे.

प्रथम नाकाचे काम समजून घेऊ. नाक म्हणजे केवळ हवा आत जाण्याचे भोक नव्हे. ते हवा गाळते, तिला ऊब देते, ओलावा देते आणि मगच फुप्फुसांकडे पाठवते. यासाठी नाकाच्या व सायनसच्या आतील अस्तर दिवसभरात सुमारे एक लिटर पातळ चिकट स्राव तयार करते. त्या स्रावात धूळ, जंतू आणि परागकण अडकतात. अस्तरावर डोळ्यांस न दिसणारी सूक्ष्म लव असते. ती लव एका सेकंदात कित्येक वेळा हलते आणि शेतातल्या वाऱ्याने भाताच्या लोंब्या एका दिशेस झुकाव्यात तसा हा स्राव घशाकडे ढकलत नेते. आपण तो नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसास याचा पत्ताही लागत नाही.

अडचण आहे ती दारांची. प्रत्येक सायनसला नाकात उघडणारे एक चिंचोळे दार असते. गालातील पोकळीचे दार तर तळाशी नसून वरच्या अंगास आहे. मोरीचे भोक जमिनीलगत ठेवण्याऐवजी भिंतीच्या वरच्या टोकाला ठेवलेल्या खोलीची कल्पना करावी. त्या खोलीतील पाणी बाहेर काढायचे तर कोणीतरी ते सतत वर चढवीत राहिले पाहिजे. ही चढाई ती बिचारी लव करते. सर्दीने, ॲलर्जीने वा धुराने अस्तर सुजले की दार बंद होते, लव थकते, स्राव आत साचतो, घट्ट होतो, आणि मग कपाळावर बोटे टेकवण्याची वेळ येते. साधे पडसे आठ-दहा दिवसांत ओसरते. परंतु नाक चोंदणे, घट्ट स्राव वाहणे, चेहऱ्यावर दाब वा वेदना आणि वास न येणे, यांपैकी दोन लक्षणे, ज्यांत चोंदणे किंवा स्राव यांपैकी एक हवेच, बारा आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकली, तर डॉक्टर त्यास जुनाट सायनसचा दाह समजतात आणि नाकात दुर्बीण घालून वा स्कॅन काढून त्याची खात्री करून घेतात.

आता आपल्या उपनगरांकडे पाहू. अंधेरीस सीप्झच्या आवारात संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने १५७९ साली उभारलेल्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास तेथे साथ पसरली आणि लोक ते गाव व ते चर्च सोडून मरोळला जाऊन वसले. आजही मे महिन्यात वर्षातून एकदा त्या भिंतींच्या आत मिस्सा होते. तेथे उभे राहिलो की आमच्या मनात येते, त्या काळी हवापाणी बिघडले तर गाव उठून दुसरीकडे जाऊ शकत असे. आज आम्ही कोठे जाणार? मरोळ-साकीनाक्याची रहदारी, मेट्रोची व इमारतींची न संपणारी बांधकामे, गावठाणांना चहूबाजूंनी वेढणारे मनोरे, या सर्वांची धूळ आपल्या नाकातूनच गाळली जाते. हिवाळ्यात समुद्राकडील वारा मंदावतो, पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूळ व धूर तिच्यात कोंडला जातो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीस आग लागली, तेव्हा आम्ही घाटकोपरच्या बाजूस होतो. कित्येक दिवस सकाळच्या मिस्सेला येणारी माणसे पदर वा रुमाल नाकाशी धरून येत आणि प्रार्थनेच्या उत्तरांपेक्षा खोकलाच अधिक ऐकू येई. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि महानगरपालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे व पाणी शिंपडण्याचे नियम काढले. नियम चांगले आहेत. ते पाळले जातात की नाही, हे पाहण्यास प्रत्येकाच्या खिडकीची जाळी पुरेशी आहे.

पावसाळ्याचे दुखणे आणखी निराळे. भिंतीला ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, कपडे आठवडाभर घरातच दोरीवर वाळतात. गादी, उशी व जाड पडदे यांत धुळीतील सूक्ष्म किडे वाढतात. झुरळांच्या विष्ठेनेही अनेकांस ॲलर्जी होते. म्हणून नाकाची काळजी ही नाकाशी नव्हे, तर उशीशी सुरू होते. उशांचे अभ्रे व चादरी आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवाव्यात, गाद्यांना मिळेल तेव्हा ऊन दाखवावे, कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, केर काढताना कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याचा वापर करावा. आमच्या वाचकांतील गृहिणींना हे सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकवणे होय, परंतु घरातील पुरुषमंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे.

दुखणे आले की आपण काय करतो? कोणी औषधाच्या दुकानातून नाक मोकळे करण्याचे थेंब आणतो. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन या जातीचे हे थेंब दोन मिनिटांत नाक उघडतात, हे खरे. परंतु तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक काळ ते वापरले, तर औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक सुजते. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. बोरिवलीस असताना आमच्या ओळखीचा एक रिक्षाचालक तरुण रात्री उशीखाली बाटली ठेवल्याशिवाय झोपत नसे. 'फादर, दारू सुटली, पण हे सुटत नाही,' असे तो हसत म्हणे, आणि त्याच्या हसण्यात बरीच व्यथा असे. डॉक्टरांच्या मदतीने त्याची ती सवय हळूहळू सुटली.

कोणी आपल्याच मनाने प्रतिजैविके घेतो. साधे पडसे व त्यातून उद्भवणारा सायनसचा दाह बहुतांशी विषाणूंमुळे होतो, आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. उलट गरज नसता घेतल्याने जिवाणू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध हात वर करते. कोणी कपाळावर बाम चोळतो. मेंथॉलमुळे नाकातील थंडाव्याची जाणीव जागी होते, म्हणून मोकळे वाटते. प्रत्यक्षात वाट तेवढीच अरुंद असते. आणि वाफ तर आपले घरगुती संस्कारच झाले आहेत. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाफेने डोकेदुखी थोडी हलकी झाली, परंतु सायनसच्या मूळ तक्रारींवर तिचा परिणाम दिसला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना मात्र माफक का होईना, लाभ झाला. ज्यांना वाफेने बरे वाटते त्यांनी ती जरूर घ्यावी. परंतु उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलास चादरीखाली बसवणे धोक्याचे आहे. पातेले कलंडून भाजलेली मुले आम्ही इस्पितळात पाहिली आहेत.

आता मिठाच्या पाण्याविषयी. सेमिनरीच्या दिवसांत नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्या एका वयोवृद्ध सिस्टरांनी आम्हांस हा उपाय प्रथम सांगितला. 'ब्रदर, दात रोज घासता, मग नाकाने काय पाप केले आहे?' असा त्यांचा सवाल होता. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही, म्हणून आम्ही नाक धूत आलो आहोत.

कृती साधी आहे. सुमारे पाव लिटर, म्हणजे एक मोठा पेला पाणी घ्यावे. त्यात चहाचा अर्धा लहान चमचा साधे मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा मिसळावा. हे प्रमाण आपल्या रक्तातील खारटपणाच्या जवळपास असते, म्हणून ते नाकास झोंबत नाही. नुसते गोडे पाणी मात्र चांगलेच झोंबते. पाणी कोमट असावे. मनगटावर थेंब टाकून पाहावा. बेसिनवर पुढे वाकून मान किंचित एका बाजूस वळवावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा, आणि नळीच्या लोट्याने वा दुकानात मिळणाऱ्या पिचकारीच्या बाटलीने वरच्या नाकपुडीत हळूच पाणी सोडावे. ते दुसऱ्या नाकपुडीतून वाहून येते. मग बाजू बदलावी. शेवटी पुढे वाकून नाक हळुवारपणे शिंकरावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर केल्यास पाणी कानाकडे जाण्याचा संभव असतो. झोपण्याच्या अगदी तोंडावर हे करू नये, कारण आत राहिलेले पाणी आडवे पडल्यावर घशात उतरते. डॉक्टरांनी नाकाचा फवारा दिला असेल तर आधी धुवावे आणि नंतर फवारा मारावा. फवारा उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत धरला, की तो मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूस, जेथे जावयास हवा तेथे जातो. नाक पूर्ण बंद असताना, कान दुखत असताना किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असताना डॉक्टरांस विचारल्याशिवाय नाक धुऊ नये. लहान मुलांच्या बाबतीतही तेच.

येथे एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. नळाचे पाणी थेट नाकात कधीही घालू नये. मुंबईचे पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होऊन येते आणि पिण्यास योग्य असते. परंतु ते आपल्या घरी पोहोचण्यापूर्वी इमारतीच्या टाकीत राहते, आणि ती टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीच्या सचिवांनाही बहुधा आठवत नाही. शिवाय पोटात गेल्यास निरुपद्रवी ठरणारा एक सूक्ष्म जीव, नेग्लेरिया नावाचा अमीबा, नाकाच्या वाटेने गेल्यास मेंदूपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्ती यामुळे दगावल्या. केरळातही अलीकडच्या वर्षांत अशा जातीच्या मेंदुज्वराचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण तो टाळण्याचा उपाय त्याहूनही सोपा आहे. पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे, झाकून निववावे आणि मगच वापरावे. लोटा रोज धुऊन कोरडा ठेवावा. आमच्या खोलीत रात्री उकळून झाकलेले पाणी सकाळसाठी तयार असते. एवढी शिस्त अंगवळणी पडावयास महिना पुरतो.

मुलुंडला असताना एका मातेने संकोचाने विचारले होते, 'फादर, ही जलनेती म्हणजे योगातलीच ना? आपल्याला चालते का?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिने तो श्रद्धेपोटी विचारला होता. नेती ही हठयोगाच्या ग्रंथांत सांगितलेल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे, हे खरे. आपल्या उपनगरांतच वेसाव्यास श्री योगेंद्र यांनी १९१८ साली योग संस्था काढली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून अशा क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. मुस्लिम बांधव नमाजापूर्वी वुजू करताना नाकात पाणी घेऊन ते स्वच्छ करतात. आणि बव्हेरियातील वोरिसहोफेन गावचे धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी तर जलोपचारांसाठी अवघ्या युरोपात नाव कमावले. सेमिनरीत शिकताना क्षयाने ग्रासलेल्या या तरुणाने डॅन्यूब नदीच्या थंड पाण्यात डुबक्या घेऊन आपला जीव सावरला, १८५२ साली दीक्षा घेतली आणि १८८६ साली जलोपचारांवर पुस्तक लिहिले. त्यांच्या धर्मगुरुनिवासाच्या दाराशी राजघराण्यातील माणसे व मोलमजूर एकाच रांगेत उभे राहत. आम्ही त्या मातेस एवढेच म्हणालो, 'बाई, अलीशा संदेष्ट्याने यरीहोच्या बिघडलेल्या झऱ्यात मीठच टाकले होते, हे दुसऱ्या राजांच्या पुस्तकात वाचून पाहा. मिठाला आणि पाण्याला परमेश्वराने निर्माण केले आहे. नाक धुताना नाकच धुतले जाते, श्रद्धा धुतली जात नाही.' तिचे समाधान झाले असावे, कारण पुढच्या महिन्यात तिची सासूही लोटा घेऊन उभी होती.

या उपायास आधुनिक वैद्यकाचाही आधार आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ७६ रुग्णांवर सहा महिने केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांचा त्रास कमी झाला आणि त्यांची औषधांची गरजही घटली. मिशिगनमधील १२७ रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासात असे दिसले की, मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा मारण्यापेक्षा भरपूर पाण्याने धुणे अधिक गुणकारी ठरते. जुनाट दुखण्यात त्याच्या जोडीला डॉक्टर बहुधा नाकाचा स्टिरॉइड फवारा देतात. तो लगेच नव्हे, तर नियमाने वापरल्यावर काही आठवड्यांनी गुण दाखवतो. इतके करूनही भागले नाही तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहेच. परंतु शस्त्रक्रिया बंद दारे उघडून देते, मूळ प्रकृती बदलत नाही. म्हणून त्यानंतरही नाक धुण्याचा नेम चालू ठेवावा लागतो.

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांवर सोपवू नयेत. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप वा मान आखडणे, ही चिन्हे दिसताच तातडीने इस्पितळ गाठावे. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त आल्यास डॉक्टरांस दाखवावे. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरच्या दाढेचे मूळ किडलेले असू शकते. अशा वेळी दंतवैद्याची पायरी चढणे शहाणपणाचे. मधुमेहींनी विशेष सावध असावे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने आपल्या राज्यात कित्येकांचे डोळे आणि प्राण घेतले. ती बुरशी नाकातून व सायनसमधूनच शिरत होती. ते महिने आठवले की आजही आमच्या अंगावर काटा येतो. दफनभूमीच्या फाटकाशी त्या काळात आम्ही ज्या कुटुंबांना भेटलो, त्यांतील एका घरी या बुरशीनेच कर्ता पुरुष नेला होता. साखर ताब्यात ठेवणे हीदेखील नाकाची काळजीच होय, हे त्या घराने आम्हांस शिकवले.

वास जाणे ही या दुखण्यातील सर्वांत मुकी व्यथा. दुखते तेथे माणूस बोट ठेवू शकतो. वास गेला तर दाखवावयाचे काय? घाटकोपरच्या एका वसाहतीत एक विधवा मावशी एकट्या राहत. जुनाट सायनसने त्यांचा वास हळूहळू गेला होता. नाताळात फुगे तळताना तेल किती तापले हे त्यांना कळेना, बॉटल मसाल्याची बरणी उघडली तरी काही जाणवेना. एके दिवशी गॅसची शेगडी उघडी राहिली. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. पण ज्याचे नाकच मुके त्यास त्याचा काय उपयोग? शेजारणीने धावत येऊन खिडक्या उघडल्या म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर मावशी घरी अन्न शिजवायलाच घाबरू लागल्या. आपल्या अंगाला वा तोंडाला वास येत असेल आणि आपल्याला तो कळत नसेल, या शंकेने त्यांनी लोकांत बसणेही सोडले. मिस्सेला येत, पण शेवटच्या बाकावर बसत आणि शांतीची खूण देण्यापूर्वीच निघून जात.

त्यांच्या मुलीने त्यांना डॉक्टरांकडे नेले. फवारा सुरू झाला, सकाळ-संध्याकाळ नाक धुणे सुरू झाले. डॉक्टरांनी वासाचा सरावही सांगितला. जर्मनीतील डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत कोविडनंतर पुष्कळांस ठाऊक झाली आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास दिवसातून दोनदा काही क्षण मन लावून घ्यायचा, आणि हे कित्येक आठवडे न चुकता करायचे. शेजारणीने गॅसची गळती ओळखणारे लहानसे यंत्र बसवून घेतले. वर्ष उलटून गेले. पवित्र सप्ताहातील गुरुवारी मिस्सेनंतर मावशी गर्दीतून वाट काढीत पुढे आल्या आणि म्हणाल्या, 'फादर, आज धूप कळला. थोडाच कळला, पण कळला.' त्यांचे नाक पुरते बरे झाले नाही. अजूनही कधी वास येतो, कधी येत नाही. पण त्या पुढच्या बाकावर बसू लागल्या.

धुपाचा विषय निघाला म्हणून सांगतो. धूर कोणताही असो, सुजलेल्या नाकास तो जाचतोच. आम्ही धूपदानीत धूप कमी घालतो, वेदीसेवकांना ती उघड्या दाराजवळ ठेवावयास सांगतो, आणि उग्र वासाच्या फुलांच्या राशी वेदीपासून दूर ठेवतो. स्तोत्रकर्त्याने आपली प्रार्थना धुपाप्रमाणे वर जावो असे मागितले आहे. ती वर जाण्यास चिमूटभर धूप पुरतो. घरातील उदबत्त्या, डासांच्या कॉइल आणि सोसायटीच्या आवारात जाळला जाणारा पालापाचोळा यांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा.

आम्हांस दर वर्षी पास्काच्या रात्रीची काळजी वाटते. अंधाऱ्या चर्चमध्ये मोठ्या मेणबत्तीसमोर उभे राहून तो दीर्घ स्तुतिघोष गावयाचा असतो. एप्रिलच्या त्या रात्री नाक साथ देईल की नाही, हे सायंकाळपर्यंत ठाऊक नसते. म्हणून प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत आमचा नेम अधिक काटेकोर असतो. काही वर्षी आवाज मोकळा येतो. काही वर्षी तो बसलेलाच असतो आणि गायकवृंद आमची बाजू सावरून घेतो. दोन्ही वर्षी पास्का तितकाच खरा असतो.

हे दुखणे पुरते जात नाही, ही गोष्ट स्वीकारायला वेळ लागतो. तरुणपणी आम्हांस वाटे की एखादे औषध सापडेल आणि ही कटकट एकदाची मिटेल. आज आम्ही सकाळी पाणी कोमट करतो, मीठ घालतो, वाकून उभे राहतो. पाच मिनिटांचे काम. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला असे सांगितले आहे. त्या वाटेची रोज थोडी झाडलोट करणे हे आमच्या वाट्याचे काम आहे, असे आता वाटते.

शेवटी घरच्या मंडळींस एक विनंती. तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याच्या घोरण्याची, खाकरण्याची किंवा गेंगाण्या बोलण्याची थट्टा करू नका. रात्री झोपण्यापूर्वी त्याच्यासाठी तांब्याभर पाणी उकळून झाकून ठेवा. सकाळी त्याचा अर्धा नेम तुमच्याच हातून पूर्ण झालेला असेल.